किनाऱ्याचा जुना हजेरीपट

मध्यंतरी बोरिवलीच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आठवीतल्या दोन मुलांना घेऊन माझ्याकडे आल्या. मुलांनी तांदळाच्या पाच किलोच्या जुन्या पिशवीत शंख-शिंपले भरून आणले होते. शाळेची सहल गोराईच्या किनाऱ्यावर गेली होती, तिथे वेचलेला हा ऐवज. "यांची नावे सांगा, म्हणजे तक्ता करून वर्गात लावता येईल," एवढीच बाईंची अपेक्षा होती. आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरले, पिशवी ओतली आणि निवडायला बसलो. तासाभरात निरनिराळ्या जातींचे तेवीस ढीग झाले. तेव्हा दोघांपैकी एकाने विचारले, "सर, आम्ही तिथे जिवंत शंखशिंपलेपण शोधत होतो. दोनच प्रकार मिळाले. मग बाकीचे एकवीस कुठे राहतात?"

मी नेहमीचे उत्तर दिले. काही जाती ओहोटीच्या रेषेच्याही पलीकडे, सतत पाण्याखाली राहतात. लाटा त्यांची रिकामी कवचे किनाऱ्यावर आणून टाकतात. हे उत्तर चूक नव्हते. पण मुले गेल्यावर ढिगांकडे पुन्हा पाहिले तेव्हा ते पुरेसे वाटेना. त्यांत चिखलवट वाळूत बोटभर खोल राहणाऱ्या तिसऱ्या होत्या, खडकाला चिकटून वाढणारी कालवे होती. हे काही खोल समुद्रातले प्राणी नव्हेत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, मुले जिथे हिंडली तिथेच, ते जिवंत सापडायला हरकत नव्हती.

त्या मुलाचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगातल्या अनेक शास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न विचारून किनाऱ्यांचा इतिहास उलगडला आहे. आणि त्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे एक बादली, एक चाळणी आणि मोजण्याची चिकाटी. म्हणून तो शिक्षकांपुढे ठेवावासा वाटला.

हजर मुले आणि जुने हजेरीपट

शंख काय किंवा शिंपले काय, दोन्ही मृदुकाय प्राण्यांची घरे. शंखात राहणारे एका कवचाचे, गोगलगायीच्या जातकुळीतले. शिंपल्यात राहणारे दोन शकलांचे. प्रावार नावाच्या पातळ पडद्यातून प्राणी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचाच पदार्थ, स्रवतो आणि कवचाच्या कडेला आयुष्यभर भर घालत राहतो. प्राणी मेला की मांस चार दिवसांत संपते. कवच मात्र उरते, आणि किती काळ उरेल याला काही धरबंध नाही. लाटांत आपटून एखादे वर्षभरात झिजेल, गाळात पुरले गेलेले शेकडो, प्रसंगी हजारो वर्षे टिकेल. तळाचा गाळ सतत उकरला जातो. किडे, खेकडे, वादळी लाटा ही कामे करतात. त्यामुळे कालचे कवच आणि शिवाजी महाराजांच्या काळातले कवच एकाच मुठीत येऊ शकते.

आता एक कल्पना करा. आज तुमच्या वर्गात कोण हजर आहे ते मोजले, तर तो झाला जिवंत प्राण्यांचा हिशोब. शाळेच्या स्थापनेपासूनचे सगळे हजेरीपट एकत्र करून नावे मोजली, तर तो झाला किनाऱ्यावरच्या मृत कवचांचा हिशोब. दुसऱ्या यादीत नावे जास्त असणारच. त्यात आश्चर्य नाही. पण शाळा ज्या वस्तीत आहे ती वस्ती फारशी बदलली नसेल, तर एक गोष्ट दोन्ही याद्यांत जुळावी. जी आडनावे जुन्या पटांत वारंवार येतात, तीच आजच्या वर्गातही जास्त दिसावीत. आणि जुळली नाहीत, तर मधल्या काळात वस्ती पालटली असे समजायला जागा आहे.

शिकागो विद्यापीठातल्या सुझन किडवेल या भूशास्त्रज्ञ बाईंनी हीच कसोटी समुद्राच्या तळाला लावली. ठिकठिकाणच्या किनाऱ्यांवर इतरांनी केलेली, जिवंत आणि मृत शिंपले वेगवेगळे मोजलेली सर्वेक्षणे त्यांनी जमवली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जिथे माणसाची ढवळाढवळ कमी, तिथे जिवंत आणि मृत यांच्या याद्या बऱ्यापैकी जुळत होत्या. जिथे सांडपाणी आणि खतांचे अंश समुद्रात जाऊन पाणी नको इतके सकस झाले होते, किंवा जिथे तळ खरवडणारी जाळी ओढली जात होती, तिथे दोन याद्यांची फारकत झालेली होती. एरवी ज्याला आपण कचरा म्हणतो त्या मेलेल्या शिंपल्यांना, प्रदूषण सुरू होण्याआधीचा समुद्र आठवत होता.

याची दोन उदाहरणे मला वर्गात सांगायला फार आवडतात. पहिले कोलोरॅडो नदीच्या मुखाचे. अमेरिकेतून वाहत येऊन ही नदी मेक्सिकोत कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळते. विसाव्या शतकात तिच्यावर धरणे झाली आणि गोडे पाणी समुद्रापर्यंत पोचेनासे झाले. मुखाशी मात्र शिंपल्यांचे पांढरे बांध आणि बेटे उभी आहेत. मिखाल कोवालेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्यांचा हिशोब मांडला. गेल्या हजार वर्षांत तिथे निदान दोन लाख कोटी शिंपल्यांचे प्राणी जगून गेले असावेत. पूर्वी दर चौरस मीटरला पन्नासाच्या आसपास जिवंत प्राणी असत. हिशोब मांडला तेव्हा जेमतेम तीन उरले होते. धरणापूर्वी कोणी तिथे जाऊन मोजणी केली नव्हती. मोजणी त्या शिंपल्यांनीच करून ठेवली होती.

दुसरे उदाहरण जास्त चकवणारे आहे. लॉस एंजलिस शहरासमोरच्या समुद्रतळावर ब्रॅकिओपॉड नावाच्या, शिंपल्यांसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या कुळातल्या प्राण्यांची कवचे विपुल सापडतात. जिवंत प्राणी जवळजवळ नाहीत. साहजिकच सगळ्यांनी शहराच्या सांडपाण्याकडे बोट दाखवले असते. तोमाशोविच आणि किडवेल यांनी २०१७ साली एकेका कवचाचे वय काढले, तेव्हा दिसले की हे प्राणी हजारो वर्षे सुखाने नांदत होते आणि एकोणिसाव्या शतकात, म्हणजे आधुनिक शहर वाढण्याच्या आधीच, झपाट्याने नाहीसे झाले. त्यांच्या मते कारण होते गुरे! स्पॅनिश वसाहतींनी आणलेल्या गुरामेंढरांच्या कळपांनी डोंगरउतार चरून बोडके केले, पावसाबरोबर माती समुद्रात गेली आणि स्वच्छ, वाळू-खड्यांचा तळ चिखलाखाली दबला. आपण ज्याला 'मूळचा' चिखलाळ तळ समजत होतो, तो माणसाचीच करणी निघाला.

मुंबईची लेखी नोंद

आपल्याकडे वाळूतल्या हजेरीपटाच्या जोडीला कागदावरचाही एक आहे, आणि तो बराच जुना आहे. अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी नावाच्या इंग्रज गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले गोळा केले. ते इंग्लंडातल्या जेम्स कॉस्मो मेलव्हिल या शंखतज्ज्ञांच्या हाती पडले. १८९३ साली मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाच्या नियतकालिकात दोघांनी मुंबईच्या सागरी मृदुकाय प्राण्यांची यादी छापली. त्याच खंडात मेलव्हिल यांनी मुंबईहून आलेल्या पंचवीस जाती विज्ञानाला नव्या म्हणून वर्णन केल्या. त्यांतल्या एका लहानशा, खडबडीत शंखाला त्यांनी कोकणचे नाव दिले: कोंकणेन्सिस. हा शंख लक्षात ठेवा, पुढे त्याची गाठ पडणार आहे.

१९३१ साली अवटी आणि राय या दोघांनी ऑस्ट्रिया कुकुलाटा या कालवावर एक आख्खी पुस्तिका लिहिली. भारतीय प्राण्यांच्या नमुन्यांवरील एका मालेत ती निघाली आणि तिच्या शीर्षकातच या प्राण्याला 'मुंबईचे कालव' म्हटले होते. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या कालवाची चिरफाड शिकल्या त्या या पुस्तिकेवरून. त्यानंतर १९४९ पासून पुढच्या तीन-चार वर्षांत सुब्रह्मण्यम, करंदीकर आणि मूर्ती यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आधी शिंपल्यांवर आणि मग शंखांवर सविस्तर निबंध लिहिले. आजही मुंबईच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्याला तेथूनच सुरुवात करावी लागते. १९९८ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दीपक आपटे यांचे भारतीय शंखांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले, ते शिक्षकांना वापरायला सोपे आहे.

मग १८९३ ची यादी घेऊन आजच्या यादीशी ताडून पाहिली की झाले, असे कुणालाही वाटेल. मलाही विद्यार्थीदशेत वाटले होते. आठ दिवस खपून मी एक तक्ता केला आणि त्यात पुष्कळ जाती 'नामशेष' झालेल्या आढळल्या! माझ्या मार्गदर्शकांनी तो पाहिला, हसले, आणि म्हणाले, "यातल्या निम्म्या जिवंत आहेत, फक्त त्यांची लग्ने झाली आहेत." म्हणजे नावे बदलली होती. ऑस्ट्रिया कुकुलाटाचे आज सॅकोस्ट्रिया कुकुलाटा झाले आहे. खाजणातल्या चिखलावर हजारोंनी फिरणारा बारीक, लांबट शंख पूर्वी सेरिथिडिया सिंग्युलाटा होता, तो आता पिरेनेला सिंग्युलाटा. कोंकणेन्सिसच्या आधीचे नाव तर शंभर वर्षांत अनेकदा पालटले. शिवाय दोन याद्या करणाऱ्यांनी सारखाच वेळ दिला होता का, सारख्याच जागा पाहिल्या होत्या का, हेही पाहावे लागते. यादीत नाव नाही म्हणजे प्राणी नाही, असे नव्हे. 'यादीत आहे' एवढेही पुरत नाही, कारण यादीला एक आणि एक लाख यांतला फरक कळत नाही. हे सारे लक्षात घेतले म्हणजे वाळूतल्या पटाची किंमत कळते: त्यात नावांबरोबर संख्याही असते.

उपनगरांचे तीन किनारे

आपल्या उपनगरांना समुद्र तीन रूपांत भेटतो. वांद्रे, जुहूचे टोक, मढ, मार्वे इथे काळ्या दगडाचे खडक आहेत. जुहू, अक्सा, गोराई इथे वाळू. आणि घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडच्या पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला मालाड आणि गोराईच्या खाड्या. इथे चिखल आणि तिवरांची झाडी. तिन्ही ठिकाणचे रहिवासी वेगळे, आणि त्यांच्यावर आलेली संकटेही वेगळी.

चिखलापासून सुरुवात करू. घाटकोपर आणि भांडुप येथील केंद्रांतून बाहेर पडणारे सांडपाणी ठाण्याच्या खाडीत जाते; वर्सोवा आणि मालाड येथील केंद्रांतले मालाडच्या खाडीत. नाल्यांतून थेट जाणारे वेगळेच. सांडपाणी म्हणजे 'विष' अशी आपली समजूत असते. खरे तर त्यातला मोठा भाग म्हणजे अन्न आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. हे अन्न खायला जिवाणू तुटून पडतात, त्यांची संख्या वाढते आणि ते पाण्यातला प्राणवायू संपवतात. तळाच्या चिखलात प्राणवायू संपला की दुसऱ्या प्रकारचे जिवाणू काम हाती घेतात. ते हायड्रोजन सल्फाइड हा वायू सोडतात. ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीवरून गाडी गेली की जो कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो याच वायूचा. चिखल काळा दिसतो तोही यामुळेच.

आता चिखलात पुरून घेऊन राहणाऱ्या तिसरीची अवस्था पाहा. ती दोन नळ्या वर काढते, एकीने पाणी आत घेते, कल्ल्यांवर गाळून त्यातले अन्न टिपते आणि दुसरीने पाणी बाहेर सोडते. पाण्यात प्राणवायू नसला तर ती शकले घट्ट मिटून थोडा काळ तग धरते. रोज तसे झाले तर मरते. याउलट पिरेनेला हा शंख चिखलाच्या पृष्ठभागावर फिरतो, ओहोटीच्या वेळी उघड्यावर असतो आणि चिखलावरचे सूक्ष्म शेवाळ व कुजकट खातो. त्याला तर मेजवानीच! म्हणून अशा खाडीच्या काठाला उभे राहिले की 'केवढे शंख आहेत!' असे वाटते. असतातही केवढे तरी, पण बहुतेक सगळे एकाच जातीचे. संख्या वाढली आणि विविधता घटली, या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात. मुलांना हे समजायला जड जाते, म्हणून पुढे एक गणित दिले आहे.

सांडपाण्याचे सगळेच परिणाम वाईट असतात असेही मी म्हणणार नाही. लहान रोहित पक्षी निळे-हिरवे शेवाळ गाळून खातात आणि ठाण्याच्या खाडीतल्या सकस चिखलाने त्यांना पोसले असावे, असे पुष्कळांचे मत आहे. २०१५ साली खाडीचा एक भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला, २०२२ साली खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. पक्षी दिसतात, छायाचित्रे निघतात. चिखलाच्या आतली तिसरी कोणाला दिसत नाही.

खडकावरची गोष्ट जरा निराळी. कालवाचे खालचे शकल सिमेंटने बसवल्यासारखे दगडाला जोडलेले असते. कोळिणी टोकदार लोखंडी हत्याराने वरचे शकल उडवतात आणि आतले मांस काढून घेतात. खालचे शकल पांढऱ्या वणासारखे दगडावर राहते. वण किती आणि जिवंत कालवे किती, हा सुद्धा एक हजेरीपटच. जुहूच्या मोरागावातल्या एका मावशींना मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या आईच्या वेळेला एका सुकतीत टोपली भरायची. आता दिवस मोडतो नि कालवं पण बारकी." बारकी का? माणूस नेहमी मोठे कालव आधी उचलतो, हे एक कारण. आणि गाळ हे दुसरे. कालवाचे पिल्लू सुरुवातीला पाण्यात तरंगत असते. दोनतीन आठवड्यांनी त्याला चिकटायला स्वच्छ, टणक जागा लागते. दगडावर चिखलाचा पातळ थर जरी बसला, तरी ते चिकटू शकत नाही. टेकड्या खणून, खाजणे बुजवून शहर वाढले, त्याचा गाळ शेवटी खडकांवर येऊन बसतो. लॉस एंजलिसच्या गुरांची आठवण व्हावी अशीच ही साखळी आहे.

मावशींच्या कालवांबद्दल एक सांगायला हवे. कालव पाणी गाळते म्हणजे पाण्यातले रोगजंतू आणि जड धातूही अंगात साठवते. किनाऱ्यावरचे पाणी खराब झाले की पहिला फटका ते खाणाऱ्याला आणि विकणारीला बसतो. पिढ्यान्पिढ्या फुकट मिळणारे, गरिबाघरचे पौष्टिक अन्न संशयास्पद झाले. शंखांच्या विविधतेची चर्चा करताना ही बाजू विसरली जाते.

कोकणच्या नावाचा शंख

आता त्या कोंकणेन्सिसकडे वळू. जहाजाच्या तळाला कालवे, खडपे, शेवाळ चिकटले की जहाज जड होते, इंधन जास्त लागते. त्यावर उपाय म्हणून १९६० च्या दशकात ट्रायब्यूटिल टिन हे कथिलाचे संयुग मिसळलेले रंग आले. रंग फारच गुणकारी होता. पुढे १९७० च्या सुमारास इंग्लंडच्या प्लिमथजवळ एका शास्त्रज्ञाला खडकांवरच्या शंखांत चमत्कारिक प्रकार आढळला: माद्यांना नराचे अवयव फुटले होते. हे या रंगामुळे होते, हे सिद्ध व्हायला आणखी दहा-पंधरा वर्षे गेली. एक लिटर पाण्यात ग्रॅमच्या अब्जावा भाग एवढे कथिल असले तरी हा परिणाम सुरू होतो! मादीच्या अंगात नवी नलिका वाढते, ती अंडी बाहेर पडण्याचा मार्ग बुजवते, अंडी आतच राहतात आणि मादी वांझ होते, कधी मरते. मरण इतके संथ, की किनाऱ्यावर प्रेतांचा खच पडत नाही. म्हातारे शंख दिसत राहतात, फक्त पिल्ले दिसत नाहीत.

ज्या जातींची पिल्ले पाण्यात तरंगत दूर जातात, त्यांना दुसरीकडून नवी भरती मिळू शकते. ज्यांची पिल्ले अंड्यातून थेट दगडावर रांगत येतात, त्या जाती मात्र त्या खडकावरून कायमच्या जातात. त्या इंग्लिश शंखाचे अनेक ठिकाणी तसेच झाले.

१९९९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी भारतीय समुद्रातल्या शंखात हाच विकार नोंदवला. तो कोणत्या शंखात, तर क्रोनिया कोंकणेन्सिसमध्ये, म्हणजे १८९३ साली मेलव्हिल यांनी मुंबईच्या नमुन्यांवरून नाव दिलेल्या त्याच शंखात. शंभर वर्षांपूर्वीची जुनी नोंद नसती, तर हा इथला जुना रहिवासी की बाहेरून आलेला, इथपासून वाद झाला असता. पुढे या रंगावर जहाजांसाठी जगभर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ साली झाला आणि २००८ च्या सप्टेंबरात अमलात आला. युरोपात बंदीनंतर शंख परतू लागल्याची उदाहरणे आहेत. गाळात मुरलेले कथिल मात्र बरीच वर्षे राहते, आणि बंदर खणून गाळ काढला की पुन्हा वर येते.

जहाजे आणखी एक गोष्ट करतात. तळाला चिकटलेले आणि तोल सांभाळण्यासाठी भरलेल्या पाण्यातले प्राणी ती एका समुद्रातून दुसऱ्यात नेतात. मध्य अमेरिकेजवळच्या समुद्रातला मायटिलॉप्सिस सॅली हा छोटा शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणमला सापडला. १९७५ साली करंदे आणि मेनन यांनी भारतीय बंदरांतला हा नवा पाहुणा म्हणून त्याच्यावर लिहिले, त्यात मुंबईही होती. जातींची नुसती संख्या मोजली तर अशा पाहुण्यामुळे एक वाढते. म्हणजे 'जाती वाढल्या' ही बातमीही तपासूनच घ्यावी लागते.

वर्गात करण्याजोगे

विविधता मोजायची एक सोपी रीत सिम्प्सन यांनी १९४९ साली दिली. डोळे मिटून ढिगातून एक शिंपला उचला, परत टाका, मिसळा, पुन्हा एक उचला. दोन्ही वेगवेगळ्या जातींचे निघण्याची शक्यता किती? समजा, एका किनाऱ्यावर १०० शिंपले, १० जाती, प्रत्येकी १०. शक्यता येते ०.९०. दुसऱ्या किनाऱ्यावरही १०० शिंपले आणि १० जातीच, पण एका जातीचे ९१ आणि बाकी नऊ जातींचा एकेक. शक्यता उतरते ०.१७ वर. जाती तेवढ्याच, शिंपले तेवढेच, आणि तरी किनारे किती वेगळे! सातवी-आठवीची मुले हे शिंपल्यांऐवजी रंगीत मण्यांवर करून पाहू शकतात.

किनाऱ्यावर जाताना मुलांचे दोन गट करावेत. एक गट भरतीच्या रेषेवर, जिथे कचरा आणि कवचे साठतात तिथे, ठरावीक एक मीटर चौकोनातली सगळी कवचे गोळा करील. 'सगळी' या शब्दावर भर द्या, कारण मुले सुंदर तेवढेच उचलतात आणि हिशोब तिथेच बिघडतो. दुसरा गट ओहोटीच्या पट्ट्यात जिवंत प्राणी शोधील, जागेवरच मोजील, छायाचित्र घेईल आणि हात न लावता तिथेच ठेवील. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख तर मुळीच उचलू देऊ नये. काही शंकू-शंखांचा दंश प्राणघातक असतो. काही शंखांच्या जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आल्या आहेत, हेही मुलांच्या कानावर घालावे.

मोजताना काही गमतीच्या खुणा पाहायला मिळतात. शिंपल्याची डावी आणि उजवी शकले वेगळी मोजा. प्राणी तिथेच मेले असतील तर दोन्हींची संख्या साधारण सारखी यावी. एक बाजू फारच जास्त आली, तर लाटांनी निवडनिवड केली आहे असे समजावे, आणि मग त्या ढिगावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. काही कवचांवर बारीक, गोल भोक दिसते. मुलांना वाटते ते माळेसाठी पाडलेले. ते दुसऱ्या एका शिकारी शंखाने भोक पाडून आतला प्राणी खाल्ल्याची खूण असते. भोकाची वरची कड तिरपी, वाटीसारखी कोरलेली असेल तर शिकारी बहुधा वाळूतला गोल नॅटिका. सरळ असेल तर खडकावरच्या कोंकणेन्सिसच्या कुळातला. म्हणजे शिकारी दिसला नाही तरी त्याची सही मिळते. रिकामे शंख मात्र शंखवासी खेकडे घर म्हणून पाठीवर घेऊन हिंडतात, त्यांना जिवंत शंखांत धरू नये.

गोराईला आम्ही त्याच बाईंबरोबर आणि त्याच मुलांबरोबर पुन्हा गेलो, या वेळी चौकोन आणि वही घेऊन. जिवंत प्रकार दोनाचे पाच झाले. एक तिसरी खणताना मिळाली, तिला बघायला चौदा डोकी एकत्र झाली आणि ती लगेच परत पुरली. एका मुलीने वहीत तिथी, वेळ आणि जागेचा नकाशा काढून ठेवला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत ओहोटी साधारण सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास तळ गाठते, भांगाच्या दिवसांत तेवढे पाणी उतरत नाही. तेव्हा दर वर्षी पावसाळा संपल्यावर त्याच तिथीला, त्याच जागी जायचे असे बाईंनी ठरवले आहे. पहिल्या सहलीची तांदळाची पिशवी, वर तारीख लिहून, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात खालच्या खणात आहे.